लायसन्स हवेचं, गच्ची सोसायटीची: पार्ल्यातल्या एका अँटेनाचं प्रकरण

इमारत ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही. मी स्वतः परवानाधारक हॅम आहे, म्हणजे हौसेखातर घरातून रेडिओवर इतरांशी बोलणारा. यातल्या बहुतेक घडामोडींना हजर होतो, त्यामुळे अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. शेवटची वायर ताणताना पक्कड माझ्याच हातात होती.

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्व. १९७०च्या दशकातली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गच्चीवर चायना मोझेक, जिन्याच्या खोलीवर पाण्याची टाकी, एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापडांची वाळवणं आणि एरवी कपड्यांच्या दोऱ्या. विमानतळ इतका जवळ की विमान गेलं की माणसं बोलता बोलता थांबतात आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

दुसऱ्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी मोर्ससकट जनरल ग्रेडची परीक्षा दिली आणि व्हीयू-टूने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, मिळवला. हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची शाखा देते. हॅम मंडळी तिला नुसतं 'डब्ल्यूपीसी' म्हणतात. हौशी रेडिओचे नियम १९७८चे, नंतर दुरुस्त झालेले. जनरल ग्रेडला ४०० वॉटपर्यंत मुभा आहे. काकांचा सेट १०० वॉटचा, आणि तोही ते बहुतेक वेळा ५० वॉटवर चालवत.

अँटेना लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेव्हाच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "लावा की, त्यात काय!" काकांच्या लेखी ती परवानगी झाली. मग त्यांनी वीस फुटी जीआय पाइपची अख्खी लांबी आणली, लोहाराकडून खाली बेसप्लेट वेल्ड करून घेतली, आणि गच्चीच्या स्लॅबला चार अँकर फास्टनर मारून खांब उभा केला. तीन बाजूंना ताण दिले, त्यांच्या हुकांसाठी आणखी तीन भोकं पाडली. खांबाच्या माथ्यावरून चाळीस मीटर बँडचा (बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून पडतं) डायपोल, म्हणजे दोन फाट्यांची अँटेनाची तार, उलट्या व्हीसारखा दोन्हीकडे उतरवला. एकूण वायर वीस मीटरच्या आसपास. टोकावर दोन मीटर बँडचा उभा दांडाही बसवला. सगळं मिळून गच्चीपासून साधारण साडेसात मीटर उंची. टाकीचा माथा होता पाच मीटरवर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दोन वर्षं कुणी काही बोललं नाही.

अडचण

पुढच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूमच्या छताला ओल आली. आधी रुपयाएवढा डाग, मग पोपडे. त्याच सुमारास सेक्रेटरी बदलले आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. वहिनींनी सोसायटीला पत्र दिलं. मी ते वाचलं आहे. दीड पानाच्या पत्रात गळतीवर दोन ओळी, बाकी सगळं 'टॉवर' आणि 'रेडिएशन'. मुंबईत मोबाइल टॉवरवरून सोसायट्यांत इतकी भांडणं झाली आहेत की गच्चीवर दांडा दिसला की तोंडात तोच शब्द येतो. शिवाय गळतीच्या तक्रारीला 'बघू, मिस्त्री पाठवतो' असं उत्तर मिळतं. रेडिएशन म्हटलं की कमिटी बसते, हे त्यांना अनुभवाने माहीत असावं.

पत्रात आणखी एक मुद्दा होता. संध्याकाळी कंप्युटरच्या स्पीकरमधून 'कुणीतरी नाकात बोलतंय' असा आवाज येतो. कमिटीत याला हशा मिळाला. पण बाई खरं सांगत होत्या. एसएसबी या हॅमच्या बोलण्याच्या पद्धतीचा सिग्नल स्पीकरच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरला की शब्द कळत नाहीत, बदक बोलल्यासारखा आवाज येतो. त्यांनी केलेलं वर्णन कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापण्याजोगं होतं.

काकांनी उत्तर दिलं चार पानांचं, आणि इथे पहिली मोठी चूक झाली. इंटरनेटवर त्यांना अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा १९८५चा 'पीआरबी-वन' आदेश सापडला होता. स्थानिक प्रशासनाने हॅमच्या अँटेनाला वाजवी मुभा द्यावी, असं त्यात आहे. काकांनी तो उतारा मराठीत करून पत्रात घातला. चेअरमन वकिली पेशातले. त्यांनी सभेत शांतपणे विचारलं, "हे अमेरिकेत. इथे पार्ल्यात काय?" भारतात या धर्तीचा नियम नाही. आणि गंमत अशी की खुद्द अमेरिकेतही तो आदेश सरकारी झोनिंगपुरता, म्हणजे कुठे काय बांधावं याच्या सरकारी नियमांपुरता आहे. खासगी वसाहतींच्या आपापसातल्या अटींना तो लागू होत नाही. म्हणजे काका अमेरिकेतल्या सोसायटीत राहत असते तरी त्यांना हा कागद उपयोगी पडला नसता.

दरम्यान कुणीतरी वॉर्ड ऑफिसला तक्रार केली. कुणी, ते आजवर कळलेलं नाही.

परवानगी नेमकी कुणाची?

मी यात आलो तो इथे. काकांनी फोन केला, "तू ये, यांना सांग की माझ्याकडे केंद्र सरकारचं लायसन्स आहे." मी गेलो आणि आधी काकांनाच सांगावं लागलं की लायसन्स हवेत बोलण्याचं आहे, स्लॅबला भोक पाडण्याचं नाही. मुंबईत हॅमच्या अँटेनासाठी एकच एक झोनिंगचा नियम शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. प्रश्न चार दारांवर विभागलेला आहे आणि प्रत्येक दारावरचा माणूस फक्त आपल्यापुरतं बघतो.

पहिलं दार डब्ल्यूपीसीचं: कोण, कुठल्या पत्त्यावरून, किती शक्तीने, कुठल्या बँडवर. ते काकांचं चोख होतं. लॉगबुकसुद्धा.

दुसरं सोसायटीचं. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालच्या गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असते, तिच्यावर एका सभासदाला परस्पर ठिय्या मारता येत नाही. सेक्रेटरीचं जिन्यातलं 'लावा की' म्हणजे ठराव नव्हे. आणि पावसाच्या पाण्याने गच्ची गळली तर दुरुस्ती करायची जबाबदारी आदर्श उपविधींनुसार संस्थेची. म्हणजे भोकं काकांनी पाडली, बिल सोळा जणांच्या मेंटेनन्समधून. कमिटीचा राग इथे होता आणि तो रास्त होता.

तिसरं महापालिकेचं. वॉर्ड ऑफिसचा ज्युनिअर इंजिनीअर येऊन गच्ची बघून गेला. सोसायटीला भीती होती ती १८८८च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ३५१च्या, म्हणजे बेकायदा बांधकामाबद्दलच्या नोटिशीची, कारण पुनर्विकासाची फाइल सरकवायच्या वेळी असली नोटीस म्हणजे पायात धोंडा. इंजिनीअरने खांबाला हात लावून बघितला, फोटो काढले आणि विचारलं, "मोबाइल कंपनीचा नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "भिंत नाही, छप्पर नाही. सोसायटीने आमची हरकत नाही असं लिहून दिलं तर मी इथे वेळ घालवणार नाही. सोसायटीचीच हरकत असेल तर मग मला कागद हलवावा लागेल." लेखी त्याने काहीच दिलं नाही. चेंडू पुन्हा सोसायटीच्या अंगणात.

चौथं दार कुणाच्याच लक्षात नव्हतं, आणि पार्ल्यात तेच सगळ्यात अवघड. विमानतळाच्या आसपासच्या उंचीचं. २०१५च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या बांधकामांना उंचीची मर्यादा आहे, आणि विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा कुठे किती उंची चालेल ते दाखवतो. विमानतळाला खेटून असलेला पट्टा त्यात लाल येतो. लाल भागात प्रत्येक प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवावं लागतं. ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. आणि इमारतीला जी कमाल पातळी मंजूर होते त्यात टाकी, लिफ्टची खोली, खांब, अँटेना सगळं धरलेलं असतं. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या या पट्ट्यामुळे, किती पार्लेकरांचे पुनर्विकास अडले ते इथल्या कुणालाही विचारा. पण तो शब्द सगळे बिल्डरच्या संदर्भात वापरतात; आपल्या गच्चीवरचा वीस फुटी पाइपही त्याच हिशोबात येतो हे डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. सोसायटीचे आर्किटेक्ट दुसऱ्याच कामासाठी वर आले होते, ते मान वर करून म्हणाले, "उद्या उंचीचा सर्व्हे झाला तर सर्व्हेअर या टोकाचं रीडिंग घेईल, टाकीचं नाही." त्या वाक्याने प्रकरण फिरलं.

पर्याय

काकांच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही वही उघडली. काकांचा पहिला कल भांडण्याचा. उपनिबंधकांकडे जायचं, गरज पडली तर सहकार न्यायालयात. मी विचारलं, नेमकं काय मागणार? ठराव नाही, लेखी परवानगी नाही, स्लॅबला सात भोकं. काका बराच वेळ गप्प बसले.

दुसरा मार्ग सगळं रीतसर करण्याचा: आमसभेचा ठराव, प्राधिकरणाकडे उंचीसाठी अर्ज, खांबासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण चार-पाच वर्षांत पडणार असलेल्या इमारतीवरच्या पाइपसाठी तो खटाटोप, आणि अर्जदार म्हणून सोसायटीचं नाव. पुनर्विकासाच्या तोंडावर कमिटी त्यावर सही करणार नाही हे चेअरमननी आधीच सुचवलं होतं.

तिसरा, गच्ची सोडून घरात यायचं. खिडकीच्या ग्रिलमध्ये छोटा मॅग्नेटिक लूप, म्हणजे कड्यासारखा अँटेना लावायचा. मुंबईतले कितीतरी हॅम असंच भागवतात. मात्र मग अँटेनाभोवतीची प्रखर क्षेत्रं घरातल्याच माणसांच्या जवळ येतात, आणि काकूंनी त्याला साफ नकार दिला.

चौथा पर्याय सुचला तो आर्किटेक्टच्या वाक्यावरून. अँटेना टाकीच्या माथ्याच्या खालीच ठेवला तर? इमारतीचा सर्वोच्च बिंदू टाकीच राहील, आपण नवीन उंची निर्माणच करणार नाही. तेव्हा चौथ्या दारावर जायचं कारण उरत नाही, असा आमचा तर्क. आणि स्लॅबला एकही भोक न पाडता लावला तर दुसऱ्या दारावरचं भांडणही निम्मं होतं. किंमत कामगिरीत मोजावी लागणार होती. सळया भरलेल्या स्लॅबच्या इतक्या जवळ ताणलेली वायर लांबचं नीट पकडत नाही. तिचा बराचसा सिग्नल सरळ वर जातो आणि आकाशातून परतून जवळपासच उतरतो. जवळच्या राज्यांसाठी ते उलट बरं. युरोपसाठी नाही.

काकांना युरोप प्रिय होता. त्यांनी दोन दिवस मागून घेतले.

काय केलं

सगळ्यात आधी खांब उतरवला. ठराव, बैठक, काहीही व्हायच्या आधी. काकांना ही माघार वाटत होती. मला वाटतं पूर्ण प्रकरणातला तोच सर्वात शहाणा निर्णय होता. खांब उभा असेपर्यंत कुणी दुसरं काही ऐकायला तयार नव्हतं. बेसप्लेट निघाली तेव्हा खालचं चायना मोझेक वाटीएवढं फुटलेलं दिसलं, आणि एका फास्टनरच्या भोकात पाणी साचलेलं होतं. वहिनी तिथेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. काकांनी मिस्त्रीचा अर्धा खर्च देतो म्हणून त्याच दिवशी सांगितलं. मिस्त्रीचं मत पडलं की ओल काही एकट्या या भोकांमुळे नाही, टाकीजवळचा वाटाही, म्हणजे भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातला सिमेंटचा गोलवा, उघडा पडलाय. तरी काकांनी शब्द मागे घेतला नाही.

दुसरं, चाचणी. एका रविवारी संध्याकाळी सात ते आठ, काका ठरलेल्या वेळी दोन-दोन मिनिटं प्रक्षेपण करतील आणि प्रत्येक घराने टीव्ही, स्पीकर, बेल, जे काही असेल ते चालू ठेवून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवायचं. तात्पुरती वायर टाकून केलं. चौदा घरांत काही नाही. एका घरात टच लॅम्प आपोआप लागला. वहिनींच्या स्पीकरमधून ऐन आरतीच्या वेळी बदक बोललं, आणि या वेळी सगळ्यांनी जाऊन ऐकलं. मी खिशातून फेराइटचे, म्हणजे वायरीतून शिरणाऱ्या लहरी अडवणारे, दोन क्लिप काढले, स्पीकरच्या वायरीचे तीन-चार वेढे त्यातून घेतले. पुढच्या दोन मिनिटांत स्पीकर गप्प. लॅम्पलाही तेच. त्याच संध्याकाळी उलटा शोधही लागला: काकांच्या रिसीव्हरमध्ये वर्षभर जो खरखराट होता तो जिन्यातल्या स्वस्त एलईडी दिव्यांचा. सेक्रेटरींनी दिव्यांचा मेन बंद केला तेव्हा काका खिडकीतून ओरडले, "आहाहा!"

तिसरं, एका प्रश्नाचं उत्तर. चाचणीनंतर वहिनींनी विचारलं, "काका, कपडे वाळत घालताना त्या वायरला हात लागला तर?" काका "काही होत नाही हो वहिनी" म्हणून मोकळे झाले. मला त्यांना तिथेच थांबवावं लागलं. अर्ध्या तरंगलांबीच्या वायरीच्या टोकांना प्रक्षेपणाच्या वेळी मोठा दाब असतो. बोटाला चांगलाच चटका बसू शकतो. रेडिएशनच्या दीड पानात कुठेच नसलेला, पण एकमेव खरा धोका तो होता, आणि तो तक्रारदाराने शोधला. मग रचना त्याभोवती केली. वायरचं एक टोक टाकीच्या शिडीच्या वरच्या अंगाला, दुसरं लांबच्या कोपऱ्यात फायबरच्या काठीवर, कुठेही हात पोचणार नाही इतकं उंच. काठीचा पाया म्हणजे रंगाचा रिकामा वीस लिटरचा डबा, त्यात काँक्रीट, खाली जुन्या टायरचा तुकडा. दोन मीटरचा दांडा काकांच्या स्वतःच्या ग्रिलवर आला. त्या बँडला अर्धा मीटर पुरतो. केबल डक्टमधून खाली आणली. वादळी हवेत केबल सेटपासून काढून ठेवायची, असं काकांनी स्वतःच लिहून दिलं.

चौथं, कागद. आमसभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असतेच. विषयपत्रिकेवर 'टॉवर' हा शब्द नको म्हणून मी हट्ट धरला. 'हौशी रेडिओची तार' असं छापलं. शब्दाने फरक पडतो. ठरावात अटी: परवानगी एका वर्षाची, सोसायटीला वॉटरप्रूफिंग करायचं असेल तेव्हा आठ दिवसांत स्वखर्चाने काढायची, टाकीच्या वर काही जाणार नाही, नुकसानीचं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर, आणि कुठल्याही घरात आवाज आला तर कारण सापडेपर्यंत प्रक्षेपण बंद.

सभेत काकांनी भाषण केलंच. २००१चा भूज भूकंप, २००४ची अंदमानातली त्सुनामी, तिथे हॅमनी कसे निरोप पोचवले, आणि २००५चा २६ जुलै, जेव्हा सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल बंद पडले. मागून वहिनी म्हणाल्या, "काका, त्या दिवशी तुम्हीही कमरेएवढ्या पाण्यातून चालतच आलात." सभा हसली, काकाही हसले. तेरा विरुद्ध एक अशा मतांनी ठराव मंजूर झाला, दोघे गैरहजर. विरोधातलं मत वहिनींचं नव्हतं.

निष्पत्ती

ठरावाची प्रत वॉर्ड ऑफिसला दिली, पुढे काही आलं नाही. ओल थांबली, मिस्त्रीने वाटाही भरला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं हे सांगता येत नाही. काकांचा युरोप गेला तो गेलाच. पहाटे कधीतरी एखादं इटालियन स्टेशन अंधुक लागतं. केरळ, गुजरात, बंगाल मात्र आता खणखणीत. संक्रांतीला वायरवर मांजा अडकतो, एकदा पतंगासकट, आणि तो काढायला सेक्रेटरींचा मुलगा येतो. त्याने परीक्षेचं पुस्तक मागून नेलं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

भोक पाडायच्या आधी चौथ्या मजल्यावरची बेल वाजवायची. सोसायटीत ज्याच्या डोक्यावर तुमचं काम होणार त्याला सर्वात आधी कळलं पाहिजे, सेक्रेटरीला नंतर. त्या एका बेलने दोन वर्षं वाचली असती.

स्पीकरची चाचणी तक्रार यायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात करता आली असती. फेराइटच्या क्लिपा स्वस्त असतात, लॅमिंग्टन रोडला पिशवीभर मिळतात.

उंचीचा नकाशा मी स्वतः पहिल्या भेटीत उघडायला हवा होता. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथे कुणी हॅम मला विचारायला आला तर आता मी अँटेनाच्या लांबीआधी टाकीची उंची विचारतो.

आणि एका बाबतीत माझं अजून ठरलेलं नाही. वार्षिक परवानगीची अट मीच सुचवली, कारण तिच्यामुळे ठराव पास झाला. पण तिच्यामुळे दर सप्टेंबरला काका आठवडाभर अस्वस्थ असतात. पुढची कमिटी कशी असेल कुणी सांगावं. तीन वर्षांची मागायला हवी होती का? मागितली असती तर मतं तेरा मिळाली असती का?

सध्या पुनर्विकासाचा करार सहीच्या टप्प्यावर आहे. काकांनी नव्या इमारतीच्या नकाशात आपल्या फ्लॅटपासून गच्चीपर्यंत पंचवीस मिलिमीटरचा एक रिकामा कॉन्ड्युट (केबल ओवायची नळी) मागितला, आर्किटेक्टने तो पेन्सिलने काढून दिला. बिल्डरने अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तोवर ट्रान्झिटसाठी बोरिवलीत भाड्याचं घर बघताहेत. परवाना पत्त्याला बांधलेला, त्यामुळे पत्ताबदलाचा अर्ज आधीच भरून ठेवलाय, आणि घरमालकाला दाखवायला या वेळी अमेरिकेचा आदेश नाही, आमसभेच्या ठरावाची झेरॉक्स आहे.